पाव मैलाची पट्टी आणि भोवतालची मोकळी जागा

ड्रॅग शर्यत पाहणाऱ्याला तिच्यात कळायला अवघड असे काही नसते. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि ४०२ मीटरच्या, म्हणजे पाव मैलाच्या सरळ पट्टीचे टोक जी आधी गाठेल ती जिंकते. त्यामुळे असा ट्रॅक काढायचा म्हणजे अर्धा किलोमीटर चांगला रस्ता करायचा आणि दोन्ही टोकांना फाटक बसवायचे, अशी समजूत सहज होते. मी रस्त्यांची आणि कारखान्यांतल्या काँक्रीटच्या फरशांची कामे करणारा स्थापत्य अभियंता आहे. गाड्यांचा शौक असल्याचे ओळखीच्यांना ठाऊक असल्याने ही समजूत घेऊन येणारी तरुण मंडळी अधूनमधून माझ्याकडे येतात आणि पहिलाच प्रश्न डांबराच्या भावाचा विचारतात. त्यांना मी जे तोंडी सांगतो ते येथे एकदा सविस्तर लिहितो. पट्टी तुलनेने स्वस्त आहे. महाग आहे ती पट्टीभोवतालची मोकळी जागा, आणि त्याहूनही महाग आहे ती जागा वर्षानुवर्षे मोकळी राहील याची तजवीज.

या खेळाचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९५० साली विमानतळाच्या वापरात नसलेल्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या, आणि पुढच्याच वर्षी वॉली पार्क्स यांनी एनएचआरए (नॅशनल हॉट रॉड असोसिएशन) ही ड्रॅग शर्यतींची संघटना स्थापन केली. इंग्लंडमधील सांता पॉड रेसवे १९६६ साली सुरू झाला तो पॉडिंग्टनच्या युद्धकालीन विमानतळावर. आपल्याकडे मद्रासजवळच्या शोलावरम येथे ज्या शर्यती होत, त्यांची जागाही दुसऱ्या महायुद्धातील धावपट्टीचीच होती. दुसऱ्या महायुद्धाने जगभर लांब, सरळ, सपाट आणि वस्तीपासून दूर अशा धावपट्ट्या मागे ठेवल्या, आणि पहिल्या पिढीच्या आयोजकांना सर्वांत महाग वस्तू जवळजवळ फुकट मिळाली. आज जो नवीन ट्रॅक काढू पाहतो त्याला ती वस्तू बाजारभावाने घ्यावी लागते. अंदाजपत्रके फसतात ती बहुतेक येथेच.

महाराष्ट्रात लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरल्या आहेत आणि त्यांना गर्दीही चांगली झाली आहे. राष्ट्रीय पातळीवरील दुचाकींच्या ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील सर्किटच्या सरळ भागावर होत आल्या आहेत. ड्रॅगसाठीच बांधलेला कायमचा ट्रॅक मात्र आपल्या राज्यात नाही. परिणामी पुण्या-मुंबईची हौशी मुले रात्री महामार्गावर आणि पुलांवर शर्यती लावतात. मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम त्यांना लागू होते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यातील शिक्षाही वाढली आहे, पण गाडी जप्त होऊनही हौस काही जप्त होत नाही. स्थानिक ट्रॅकची गरज खरी आहे, हे मला मान्य आहे. गरज खरी असली म्हणजे हिशेब जुळतोच असे मात्र नाही.

आधी पट्टीचाच विचार करू, कारण तो माझ्या हातातला विषय आहे. दोन मार्गिका आणि दोन्ही बाजूंना थोडा मोकळा भाग धरून १८ मीटर रुंदी लागते. सुरुवातीच्या रेषेपासून पहिले शंभर मीटर तरी सलग काँक्रीटचे हवेत, कारण जोरात निघणाऱ्या गाडीची मागची चाके डांबराला अक्षरशः ओढतात आणि उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबराच्या वळकट्या पडतात. पाव मीटर जाडी धरली तर या शंभर मीटरच्या पॅडला ४५० घनमीटर काँक्रीट लागते. सबंध ४०२ मीटर काँक्रीट करायचे ठरवले तर आकडा १,८०० घनमीटरच्या थोडा वर जातो. एम-४० दर्जाच्या तयार काँक्रीटला घनमीटरमागे साडेसहा हजार रुपये धरले, तर नुसत्या मालाचे सव्वा कोटीच्या आत काम होते. रुपये कमी नाहीत, पण ज्याला ट्रॅक काढण्याची स्वप्ने पडतात त्याने कल्पिलेल्या रकमेपेक्षा ही रक्कम बहुधा लहानच निघते.

खरी डोकेदुखी काँक्रीटच्या खाली असते. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात सरळ व सपाट जमीन जेथे मिळते, तेथे पुष्कळदा काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा होतो. गावच्या रस्त्याला हे खपते, आपण सगळे त्याच्यावरून जातोच. ताशी दोनशे किलोमीटरने जाणाऱ्या दुचाकीखाली एखाद्या सेंटिमीटरचा उंचवटा आला तर मागचे चाक क्षणभर पकड सोडते आणि पुन्हा धरते, आणि त्या पुन्हा धरण्यातच स्वार फेकला जातो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची जी पद्धत विकसित केली, ती कालव्यांच्या कामांत बरीच वापरली गेली आणि येथेही तिचा विचार करावाच लागतो. नाहीतर काळी माती पूर्ण उकरून बाहेर टाकायची आणि मुरूम आणून थराथराने दाबायचा. मुरमाची खाण जवळ नसेल तर वाहतुकीचा खर्च काँक्रीटच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो. म्हणून जमीन पाहायला जाताना मी माणसांना सांगतो की सातबारा नंतर पाहू, आधी चार ठिकाणी चाचणी खड्डे घ्या.

काँक्रीट जेथे संपते आणि डांबर सुरू होते तो सांधा हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. तीन मीटर लांबीची सरळ पट्टी सांध्यावर आडवी टाकायची, खाली फीलर गेज, म्हणजे फट मोजण्याचे पातळ पाते, सरकवून पाहायचा, आणि तो जेथे सैल जाईल तेथे खडूने खूण करायची. मग हिऱ्याच्या पात्याच्या यंत्राने उंच बाजू घासून काढायची, पाणी मारून गाळ धुवायचा आणि पट्टी पुन्हा टाकायची. मुकादमाला हे वेड वाटते, कारण राज्यमार्गावरही त्याच्याकडून इतके काटेकोर काम कोणी मागितलेले नसते. हे काम अंगावर घेईल असा कंत्राटदार मिळणे हा खर्चाच्या तक्त्यात न दिसणारा खर्च आहे.

दोन्ही बाजूंच्या भिंतींचाही विसर पडतो. शर्यतीचा भाग आणि थांबण्याचा बहुतांश भाग मिळून ११०० मीटर, दोन्ही बाजू मिळून २२०० मीटर भिंत होते. महामार्गाच्या दुभाजकावर असते तशा आकाराच्या भिंतीला मीटरमागे पाव घनमीटर काँक्रीट धरले तरी ५५० घनमीटर लागतात, म्हणजे सुरुवातीच्या पॅडपेक्षा जास्त. एवढे करून ती भिंत कोणाला दिसत नाही आणि तिची जाहिरात होत नाही. काही जण पैसे वाचवण्यासाठी मातीने भरलेल्या टायरांच्या रांगा किंवा गवताच्या गाठी सुचवतात. सरळ पट्टीवरून तिरपी आलेली गाडी सलग भिंतीला घासत घासत वेग कमी करते. टायरांच्या ढिगात मात्र तिचे नाक अडकते आणि ती उलटते. या एका बाबतीत मी तडजोड सांगत नाही.

पट्टी तयार झाली म्हणजे ती शर्यतीला तयार झाली असेही नाही. नव्या काँक्रीटला पकड फारशी नसते. जुने रुंद टायर यंत्राला बांधून ते तासन्‌तास पट्टीवर घासत फिरवतात, त्यामुळे रबराचा पातळ थर चढतो. त्यावर राळेसारखे चिकट द्रावण फवारतात, ते वाळते, पुन्हा रबर, पुन्हा फवारा. चांगल्या तयार केलेल्या सुरुवातीच्या रेषेवर चालून पाहावे. प्रत्येक पावलाला चर्र असा आवाज येतो आणि बुटाची नाडी सैल असेल तर बूट तेथेच राहतो व पाय पुढे येतो. हे द्रावण पिंपांनी येते, परदेशातून मागवावे लागते आणि एका अवकाळी सरीने सगळी मेहनत धुऊन जाऊ शकते. उन्हाळ्यात दुपारी पट्टीचे तापमान ५५-६० अंशांवर गेले की हाच थर चिकट राहण्याऐवजी निसरडा होतो. विमानांच्या धावपट्टीवर होणाऱ्या शर्यतींत हे सगळे करता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तेथे विमान उतरायचे असते. कायमच्या ट्रॅकचा खरा फायदा हाच, आणि त्याचा दर महिन्याचा खर्चही हाच.

आता ज्या भागावर शर्यत होतच नाही त्या भागाकडे वळतो, कारण माझ्या मते हिशेबाची किल्ली तेथे आहे. ताशी २०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५५ मीटरहून जास्त. ब्रेक चांगले लागले आणि गाडी ०.४ जी (गुरुत्वीय त्वरणाच्या ०.४ पट) इतक्या दराने मंदावली तरी थांबायला ३९० मीटरच्या आसपास जागा लागते. ताशी २५० ला ती सहाशेच्या पुढे जाते. ब्रेक तापून अर्धवट लागले तर दोनशेच्या गाडीलाही तेवढीच लागते. म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीसाठी अंतिम रेषेच्या पुढे किमान सातशे-आठशे मीटर पट्टी हवी, त्यानंतर वाळूचा खड्डा हवा आणि त्याच्याही पुढे काही नसले पाहिजे. न्यू जर्सीतील एंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कवर २१ जून २००८ रोजी पात्रता फेरीत स्कॉट कलिटा या चालकाच्या गाडीचे इंजिन अंतिम रेषेजवळ फुटले, पॅराशूट निकामी झाले, गाडी वाळूचा खड्डा ओलांडून पलीकडे गेली आणि त्यांचा मृत्यू झाला. दोनच आठवड्यांच्या आत एनएचआरएने सर्वांत वेगवान दोन वर्गांची शर्यत पाव मैलावरून एक हजार फुटांवर, म्हणजे ३०५ मीटरवर आणली. उपाय ‘तात्पुरता’ म्हणून आला होता, तो आजही चालू आहे. त्यामागचे कारण सरळ आहे. गाड्यांचे वेग वाढत गेले, पण जुन्या ट्रॅकांच्या टोकाला जमीन वाढत नव्हती. रस्ता, शेजाऱ्याची हद्द, नाला, काही ना काही आडवे येतच होते. शर्यत आखूड करणे हाच त्यावरचा सोपा मार्ग उरला.

सुरुवातीच्या मागची जागा, ४०२ मीटर, थांबण्याची पट्टी आणि वाळूचा खड्डा मिळून १३०० मीटर लांबी होते. परत येण्याचा वेगळा रस्ता, गाड्या उभ्या करण्याची व दुरुस्तीची जागा, प्रेक्षकांची उतरंड आणि वाहनतळ मिळून रुंदी दीडशे मीटरपेक्षा कमी करता येत नाही. हे क्षेत्र ४८ एकर भरते. महाराष्ट्रात ४८ एकर मिळत नाहीत असे नाही. पण १३०० मीटर सरळ रेषेत मिळणे वेगळे. राज्यातले सरासरी वहिवाटीचे क्षेत्र दीड हेक्टरही नाही, म्हणजे ही आयताकृती पट्टी नकाशावर ठेवली की ती चौदा-पंधरा खातेदारांच्या गटांतून जाते. त्यातल्या एका सातबारावर सात वारसांची नावे असतात, त्यांतले दोघे मुंबईला, एकीची नोंद फेरफारात राहून गेलेली. मध्येच पाणंद असते आणि तिच्यावर पलीकडच्यांची वहिवाट असते. ओढा असतो. महावितरणची तार असते. कोणाच्या तरी आजोबांनी खोदलेली विहीर नेमकी सातशेव्या मीटरवर असते. वळणांच्या सर्किटला विहीर वळसा घालून टाळता येते, ड्रॅगच्या पट्टीला ते स्वातंत्र्य नाही.

कायद्याच्या बाजूनेही काही उंबरे आहेत. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमामुळे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. जिरायत जमिनीची कमाल धारणेची मर्यादा एका कुटुंबाला ५४ एकर आहे, म्हणजे आपले ४८ एकर कसेबसे तिच्या आत बसतात आणि आधीची वडिलोपार्जित जमीन असेल तर बसतही नाहीत. त्यानंतर बिगरशेती परवानगी, ग्रामपंचायतीचा ठराव, पोलिसांचा ना-हरकत दाखला, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कागद आणि स्पर्धा अधिकृत हवी असेल तर एफएमएससीआयची, म्हणजे देशातील मोटार शर्यतींच्या नियामक संघटनेची मान्यता. यातला एकही कागद अशक्य नाही. पण प्रत्येक कागदाला वेळ लागतो आणि त्या वेळात घेतलेल्या कर्जावर व्याज चढत असते.

सर्वांत मोठा उंबरा आवाजाचा आहे, आणि या मुद्द्यावर येणारी मंडळी ऐकण्याच्या मनःस्थितीत क्वचितच असतात. म्हणून मी त्यांना आकडेच करून दाखवतो. समजा सायलेन्सर काढलेल्या दोन गाड्या मिळून १५ मीटरवर ११० डेसिबल आवाज करतात. मोकळ्या माळावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. ३० मीटरवर १०४, ६० वर ९८, असे करत साधारण एक किलोमीटरवर ७४ आणि दोन किलोमीटरवर ६८ डेसिबल उरतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ही मर्यादा सरासरीची असल्याने थोडा आधार मिळतो. दर तीन मिनिटांनी एक जोडी दहा सेकंद धावली तर सरासरी बारा-तेरा डेसिबलने खाली येते, आणि दोन किलोमीटरवरची वस्ती दिवसाच्या मर्यादेच्या जेमतेम काठावर बसते. आता दोन किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढावे. ते सुमारे ३,१०० एकर होते. कागदावर मालकी ४८ एकरांची, आणि आवाजाने व्यापलेली जमीन ३,१०० एकरांची. त्या ३,१०० एकरांत एकही वस्ती, शाळा किंवा दवाखाना नाही अशी जागा आपल्या राज्यात किती ठिकाणी सापडेल, आणि सापडलीच तर पंधरा वर्षांनी ती तशीच राहील का, हा प्रश्न काँक्रीटच्या भावापेक्षा कितीतरी जड आहे.

त्यात हवामान उलट बाजूने ओढते. उन्हाळ्यात पट्टीला पकड हवी तर संध्याकाळी सातनंतर शर्यत घ्यावी, आवाजाचा नियम पाळायचा तर रात्री दहाच्या आत आवरावे. हाती राहतात तीन तास.

अमेरिकेसारख्या देशात, जेथे जमीन मुबलक आहे असे आपण समजतो, तेथेही हा प्रश्न सुटलेला नाही. उत्तर कॅरोलिनातील काँकर्ड येथे ब्रूटन स्मिथ यांच्या मालकीचे शार्लटचे प्रसिद्ध स्पीडवे आधीपासून होते. त्याच आवारात त्यांनी २००७ साली ड्रॅग पट्टी काढायला घेतली, तेव्हा आवाजाच्या तक्रारींमुळे नगर परिषदेने जमीनवापराचे नियम बदलून ती अडवली. स्मिथ यांनी सगळे स्पीडवेच दुसरीकडे हलवण्याची धमकी दिली, परिषद नमली, सवलती कबूल झाल्या, २००८ साली चार मार्गिकांची पट्टी उघडली आणि नंतर त्याच सवलतींवरून कोर्टकज्जेही झाले. गावातल्या सर्वांत मोठ्या उद्योगाच्या मालकाला जे धमकी देऊन मिळवावे लागले, ते तालुक्याच्या ठिकाणच्या गॅरेजवाल्याला अर्ज देऊन मिळेल, अशी आशा मी कोणाला लावत नाही.

आपल्याकडे याच्या जवळचे उदाहरण बैलगाडा शर्यतीचे आहे. खेड, जुन्नर, आंबेगाव भागातला घाट ही सरळ चढाची पट्टीच असते आणि प्रत्येक बारी सेकंदांत मोजली जाते. २०१४ च्या बंदीनंतर २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त वाट मोकळी केली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम केला. मधल्या वर्षांत घाट बंद होते, पण मोडले नाहीत, कारण ते गावाचे होते आणि त्यांच्यावर कोणाच्या कर्जाचे हप्ते नव्हते. खासगी ट्रॅक सात वर्षे बंद राहिला तर तो बँकेचा होतो.

हप्त्यांचा विषय निघालाच आहे तर मिळकतीचा हिशेब मांडतो. फलटणकडच्या माळावर जमीन पाहणाऱ्या एका परिचितासाठी मी तो केला होता. त्यातले भाव आम्ही धरलेले आहेत, कोणी वेगळे धरले तरी चित्र फारसे बदलत नाही. पावसाळ्याचे चार महिने वजा केले तर वर्षाला सत्तरेक शनिवार-रविवार उरतात. परीक्षा, निवडणुका, सण, अवकाळी यांत दहा जातात असे धरून साठ दिवस राहतात. तासाला वीस जोड्या, दिवसाला आठ तास, म्हणजे ३२० धावा. एका धावेला तीनशे रुपये घेतले तर दिवसाचे ९६,००० आणि वर्षाचे ५७ लाख ६० हजार रुपये. हा आकडा ट्रॅक प्रत्येक दिवशी पूर्ण भरला तर येणारा आहे, आणि त्यात कोणाच्याही इंजिनाचे तेल पट्टीवर सांडलेले नाही. प्रत्यक्षात दिवसाकाठी एकदा तरी सांडतेच. मग भुसा, द्रावण, झाडू, वाळवण आणि पुन्हा चिकट थर यात पाऊण तास जातो, आणि रांगेत थांबलेल्या मुलांच्या तोंडी कोणी लागू नये. आता एकरी पंचवीस लाखांनी ४८ एकर घेतले तर जमिनीचे १२ कोटी होतात. दहा टक्क्यांनी त्यांचे वर्षाचे व्याज १ कोटी २० लाख. म्हणजे पूर्ण भरलेला ट्रॅक जमिनीच्या व्याजाचा निम्मा भागही भरून काढत नाही. पगार, वीज, विमा, रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी यांच्याकडे तर आपण अजून वळलेलोही नाही.

म्हणूनच चालू असलेले ट्रॅकही बंद होतात. एंग्लिशटाउनची ड्रॅग पट्टी १९६५ साली सुरू झाली आणि जानेवारी २०१८ मध्ये मालक कुटुंबाने ती एका घोषणेसरशी बंद केली. कोलोरॅडोतील बँडिमियर स्पीडवेवर १९५८ पासून शर्यती होत होत्या, त्या जागेवरचा शेवटचा हंगाम २०२३ चा ठरला. ह्यूस्टनजवळचा मोठा ट्रॅकही त्याच वर्षी गेला. यांतले कोणीही शर्यती भरवता येत नाहीत म्हणून गेले नाही. शहर जवळ आले, जमिनीची किंमत शर्यतीच्या उत्पन्नाच्या कित्येक पट झाली आणि पुढच्या पिढीने कागद-पेन घेऊन हिशेब केला. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही.

रुग्णवाहिकेचा उल्लेख वर आला तो ओझरता सोडण्यासारखा नाही. शर्यत चालू असताना एक रुग्णवाहिका जखमीला घेऊन निघाली की दुसरी येईपर्यंत शर्यत थांबलीच पाहिजे. म्हणजे एकतर दोन ठेवायच्या, नाहीतर दिवस वाया जाऊ द्यायचा. तालुक्याच्या ठिकाणी मेंदूच्या दुखापतीवर शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय नसते, आणि ज्या मोकळ्या जागेसाठी आपण शहरापासून दूर आलो त्याच अंतरामुळे ते दीड तासावर जाते. आयोजकाच्या जबाबदारीचा विमा उतरवताना कंपनी हा प्रश्न विचारतेच.

मग काय करावे, असे विचारणाऱ्याला मी पाव मैलाचा नाद सोडायला सांगतो. अष्टमांश मैल, म्हणजे २०१ मीटरची शर्यत अमेरिकेतील अनेक स्थानिक ट्रॅकवर वर्षानुवर्षे चालते. तेथे गाडी ताशी १६० च्या आसपास अंतिम रेषा ओलांडते, अडीचशे मीटरमध्ये थांबू शकते, आणि चारशे मीटर ठेवले तर उमदी सोय होते. एकूण लांबी साडेसहाशे मीटर, रुंदी शंभर, क्षेत्र १६ एकर. जमीन विकत घेऊ नये, पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याने घ्यावी. वेळ मोजण्याची यंत्रणा उचलून नेता येणारी घ्यावी, म्हणजे पट्टी गेली तरी ती राहते. फाटकावर पहिला नियम असा लावावा की कंपनीने बसवलेला सायलेन्सर काढलेली गाडी आत येणार नाही. १५ मीटरवर ११० ऐवजी ९५ डेसिबल झाले की वरच्या हिशेबातले दोन किलोमीटर साडेतीनशे मीटरवर येतात आणि ३,१०० एकरांचे वर्तुळ शंभर एकरांच्या आत मावते. एवढी जमीन एखाद्या मोठ्या माळावर खरोखर मिळू शकते.

हा नियम ऐकला की आलेल्या मंडळींचे चेहरे उतरतात. सायलेन्सर लावून कसली ड्रॅग शर्यत, असा त्यांचा सूर असतो, आणि शौकीन म्हणून मला तो कळतो. परंतु महामार्गावर रात्री धावणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या गाड्या दीडशे ते चारशे सीसीच्या असतात, त्यांच्या सायलेन्सरला कोणी हात लावलेला असला तरी मूळचा घरात पडलेला असतो, आणि त्यांना हवी असते ती समोर लागणारी वेळेची पाटी. त्यांच्यासाठी ट्रॅक काढायचा असेल तर हिशेब बसतो. नायट्रोमिथेन या शर्यतीच्या खास इंधनावर चालणाऱ्या गाड्या आणून टीव्हीवर झळकायचे असेल तर ४८ एकर, १२ कोटी आणि दोन रुग्णवाहिका यांची व्यवस्था करून मग भेटायला यावे. दोन्हींपैकी काहीही ठरले तरी पहिला खर्च आवाज मोजणारे यंत्र भाड्याने आणण्याचा असावा. एका रविवारी दोन गाड्या त्या माळावर पळवून सर्वांत जवळच्या वस्तीच्या ओट्यावर यंत्र ठेवावे, आलेला आकडा ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवावा आणि ठराव झाल्याशिवाय जमिनीच्या मोजणीचे पैसेही भरू नयेत.